खिडकीचं कलम

६ एप्रिल २०२५, रविवार

या दोन हातांनी आजवर केलेली कामं, मोठ्यापासून लहानाकडे. एमआयडीसीतली शेड, बेचाळीस फूट बाय सव्वीस, पायापासून पत्र्यापर्यंत; तिची पश्चिमेची भिंत एकट्यानं बांधली, कारण गवंडी साळीच्या लग्नाला म्हणून गेला तो परत आला नाही. जिनिंगच्या रोलरला खाचा पाडायचं यंत्र, एकूण चार. तीन विकली, त्यातलं तेल्हाऱ्याचं अजून कुरकुरत नाही. कुलर, एकशे त्रेचाळीस. राहत्या घराचा जिना, चौदा पायऱ्या, प्रत्येकीची उंची सात इंच, एकही पावणेसात नाही. बायकोच्या, सीमाच्या, भाजीसाठी गच्चीवर लोखंडी वाफे, सहा. मुलीच्या लग्नातलं कपाट. जावई म्हणतो, दार घट्ट बसतं. कपाटाचं दार घट्टच बसायला पाहिजे.

शिक्षण आठवी. इंग्रजी मशीनच्या पुस्तिकांवरून शिकलो, डिक्शनरी मांडीवर ठेवून, आठ वर्षं.

ही यादी आज दुसऱ्यांदा लिहिली, कारण पहिली कुलदीपनं परत पाठवली. हा अमरावतीचा. टांझानियात म्वांझा नावाच्या गावी कापसाचा मोठा जिनिंग कारखाना आहे, त्याच्यासाठी हा इकडून माणसं निवडतो. त्याच्या अर्जात 'शैक्षणिक पात्रता' या रकान्याला अर्धी ओळ जागा आहे. मी यादी टाचून पाठवली होती. त्याचा फोन आला.

"भाऊ, येवढं कोणी वाचत नाई. आठवी लिहा अन् सही करा."

"खोटं असेल ते दाखवा."

"खोटं नाई भाऊ. पण जिन्याचं काय काम तिथं?"

ज्याच्या चौदा पायऱ्या सारख्या असतात त्याच्या चाळीस मशीनी सारख्या चालतात. हे ज्याला समजावून सांगावं लागतं, त्याच्या हातात माणसं निवडणं दिलंय.

११ एप्रिल, शुक्रवार

निवड झाली. चाळीस मशीनींवर मुख्य मिस्त्री. दोन वर्षं, महिना चौदाशे डॉलर, सीमालाही नेता येईल. इथे माझ्यासारख्याला आता काय उरलंय? नवे कारखाने बाहेरून इंजिनियर बोलावतात. ते कॉलर न मळवता येतात अन् माझ्याकडूनच पाना मागून नेतात. म्वांझात पाना मी मागणार नाही, माझ्याकडे मागतील.

अट एकच. कंपनी घर देत नाही. पूर्वी देत होती; आपल्याकडचीच माणसं घरं नासवून, न सांगता निघून आली. आता प्रत्येकानं तिथल्या घराचा भाडेकरार स्वतःच्या नावानं करायचा, सही इथूनच करायची, मग परमिटचे कागद पुढे सरकणार. शेवटची तारीख १३ मे.

सीमाला सांगितलं. ती भेंडी चिरत होती. हात थांबले.

"तिथं माती कशी हाय?"

मी म्हटलं, मी मशीनी चालवायला जातोय, वांगी लावायला नाही. हिचं माहेर मोर्शीकडचं, बागवानांचं. जगातली प्रत्येक गोष्ट हिला मातीपासून सुरू करावी लागते.

१७ एप्रिल, गुरुवार

करार आला. चार पानं, डावीकडे स्वाहिली, उजवीकडे इंग्रजी. घरमालकिणीचं नाव रेहेमा, निवृत्त हेडमास्तरीण. कुलदीप म्हणतो, तिकडे मोठ्या बाईला मानानं 'मामा' म्हणतात. "बाईले मामा?" म्हणून सीमा पाच मिनिटं हसत बसली.

तीनदा वाचला. एकवीस शब्द डिक्शनरीत पाहावे लागले. बारा कलमं. लिहिणारी पक्की आहे, एवढं मान्य. तरी सतरा हरकती काढल्या. कलम चार: नळ गळला तर तीन दिवसांत कळवायचं. कोणाला? तोंडी की लेखी? कलम सहा: किल्ल्या 'दोन किंवा तीन' मिळतील. दोन की तीन? कलम दहा: दोन वर्षांच्या आत करार दोघांपैकी कोणालाही मोडता येणार नाही. हा तुरुंग झाला. आपल्याकडे अकरा महिन्यांचा करार करतात, जग चालतं.

आणि कलम नऊ. मालकाच्या लेखी परवानगीशिवाय भाडेकरूने भिंत, खिडकी, ग्रिल वा छत यांत कसलाही बदल करू नये.

बेडरूमची खिडकी फोटोत दिसते. पूर्वेची, लोखंडी ग्रिल. पट्टी लावून प्रमाण काढलं, अंदाजे तीन फूट बाय चार. ग्रिलचा खालचा सव्वीस इंची चौकोन कापला की कुलर बसतो. मोटर, पंप अन् पंख्याची पाती इथून नेणार, वजन अकरा किलो. पत्रा तिथेच कापीन. त्यासाठी नवव्या कलमाखाली परवानगी आधीच लिहून पाहिजे. तिथे गेल्यावर कोण कोणाचं ऐकतं?

हरकतींचं पत्र इंग्रजीत लिहिलं. साडेतीन पानं.

१९ एप्रिल, शनिवार

कुलदीपचा फोन. पत्र वाचून त्याचा आवाज बदललेला.

"कुलर? भाऊ, म्वांझाले कुलर लागत नाई. तळं हाय तिथं, समुद्रायवढं. रातच्याले चादर घ्या लागते."

"तुम्ही तिथे किती दिवस होता?"

"सहा दिवस."

"महिना कोणता?"

"नवंबर."

नोव्हेंबरात चादर अकोल्यातही लागते. पुढे बोलण्यात अर्थ नव्हता.

संध्याकाळी नकाशा काढला. अकोला विषुववृत्तापासून साडेवीस अंशांवर, म्वांझा अडीच अंशांवर. म्हणजे सूर्य आठपट जवळ. भागाकार येणाऱ्या कोणालाही कळेल. हा मुलगा मालकिणीचा माणूस असावा. घर लावून दिल्याचं काही मिळत असेल.

सीमानं फोनवर तिथलं तापमान काढून दाखवलं. सत्तावीस. तोच फोन अकोल्याचं त्रेचाळीस दाखवत होता, अन् शेडमधला माझा थर्मामीटर शेहेचाळीस. म्हणजे फोन तीन अंश कमी सांगतो.

"मंग तीन मिळवा ना," ती म्हणाली. "तीस झाले."

हिला थट्टा सुचते.

२४ एप्रिल, गुरुवार

आज कळलं की सीमा त्या बाईशी स्वतंत्र बोलते. आठवड्यापासून. करारावर नंबर होता, तो घेऊन हिनं गच्चीवरच्या वाफ्यांचा फोटो पाठवला, खाली फक्त 'माय गार्डन'. बाईनं घराच्या मागच्या जागेचा फोटो पाठवला. काळीभोर नाही, तांबूस माती, तीन झाडं, मधे मोकळी जागा. हिनं मेथीच्या पानाचा फोटो पाठवला, तिनं कसल्यातरी पालेभाजीचा. इंग्रजी दोघींचं सारखंच; एक हेडमास्तरीण आहे अन् एक सातवी नापास, पण संदेश वाचून कोण कोण ते ओळखू येत नाही.

मी म्हटलं, वाटाघाटी चालू असताना समोरच्या पार्टीशी असं बोलू नये.

"मी कायच्या वाटाघाटी करून राहिली? मेथीचं बी चालते का विचारलं. थे म्हनते आन."

मेथी, संभाराचे धने, चवळी, वांग्याचं बी. प्रत्येकाची वेगळी पुडी, पुडीवर नाव, सगळं स्टीलच्या डब्यात. ही तयारी. अजून सही व्हायची आहे.

२७ एप्रिल, रविवार

    

बॅग भरायला घेतली. मोटर, पंप, पाती, दोन पाने, स्पिरिट लेव्हल. झिप लागते.

३० एप्रिल, बुधवार, अक्षय तृतीया

शेड देवमनला भाड्यानं दिली. काल दुय्यम निबंधकांकडे नोंदणी झाली, आज मुहूर्त पाहून किल्ली. देवमन माझ्याकडे अठरा वर्षं काम करतो. हात चांगला आहे, मोजमाप अजून कच्चं.

त्याचं म्हणणं होतं सगळ्यांसारखा अकरा महिन्यांचा करार करू, नोंदणीचा खर्च वाचतो. मी ऐकलं नाही. अकरा महिन्यांनी हा दुसरीकडे जागा पाहील अन् माझी शेड रिकामी पडेल, मी म्वांझात. म्हणून दोन वर्षं, अन् मध्ये दोघांपैकी कोणालाही मोडता येणार नाही. हे कलम त्या बाईच्या करारातूनच घेतलं. भाषा तिची खरंच घट्ट आहे. नववं कलमही घेतलं, मराठी करून; फक्त 'मालकाच्या लेखी परवानगीशिवाय' हे शब्द गाळले. त्यानं वाद वाढतात. भिंतीत बदल नाही म्हणजे नाही.

काल सही करताना देवमननं पेन खाली ठेवलं.

"भाऊ, पश्चिमेच्या भितीले एक झरोका पाडू द्या ना. एग्झॉस्ट बसवतो. उनाळ्यात घासाईचं काम करता करता माणसं उलट्या करून राहिले."

"अठरा वर्षं तू त्याच शेडमध्ये काम केलंस. मेलास?"

"नाई."

"मग? ती भिंत मी एकट्यानं बांधली. नऊ इंची. भोक पाडलं की जोर गेला."

त्यानं पेन परत उचललं. मग म्हणाला, "तुमी खिडकी कापू द्या म्हनता ना तिले, मंग मी थ्या मामा बाईलेच फोन लावतो. थेच समजून घेईन मले." अन् सही केली.

रेहेमाबाईचा याच्या झरोक्याशी काय संबंध? घरी येऊन सीमाला सांगितलं. ती हसली नाही. म्हणाली, "तुमाले खरंच नाई समजलं?" अन् पोळ्या लाटायला लागली. मी पुन्हा विचारलं नाही. अर्धवट बोलायची हिची सवय जुनी आहे.

५ मे, सोमवार

घरमालकिणीशी व्हिडिओवर बोलणं झालं. आपले साडेअकरा, तिकडे सकाळचे नऊ. मी मापं काढलेला कागद, पट्टी अन् कराराची प्रत घेऊन बसलो. सीमा मागे उभी, डोक्यावर पदर. अमरावतीहून कुलदीप जोडलेला.

बाईचं वय पासष्टच्या आसपास. केस अगदी बारीक कापलेले. चष्मा. अंगात लोकरी स्वेटर. तब्येत बरी नसावी. मी ते विचारलं नाही.

मी म्हटलं, खिडकी दाखवा. तिनं फोन फिरवून दाखवली. ग्रिल चौकोनी सळईचं, माझा अंदाज बरोबर. छताकडे पाहिलं तर पंखासुद्धा नाही. यावरून मालक घराकडे किती लक्ष देतो ते समजतं. बाहेर लांबपर्यंत पाणी, मधे मोठाले गोल दगड.

मी एक एक हरकत वाचत गेलो. किल्ल्या तीन, हे तिनं मान्य केलं. नळाचं लेखी कळवायचं, मान्य. अशा अकरा हरकती मान्य झाल्या; पाच मीच मागे घेतल्या, दहाव्या कलमाची धरून. प्रत्येक वेळी ती पेननं प्रतीवर खूण करायची, मास्तरीण वही तपासते तशी. मग नववं कलम आलं.

ती म्हणाली, "मिस्टर शालिकराम, इथे या यंत्राची गरज नाही."

मी म्हटलं, गरज मला आहे, ती मी ठरवीन.

ती म्हणाली, आधीच्या भारतीय भाडेकरूनं स्वयंपाकघराच्या भिंतीला न विचारता भगदाड पाडलं, धुराड्यासाठी. एक पावसाळाभर पाणी आत येत होतं. तेव्हापासून हे कलम आहे.

मी म्हटलं, तो माणूस कोण होता मला माहीत नाही. मी केलेल्या भोकातून पाणी येत नाही. हवं तर माझ्या कामांची यादी पाठवतो.

"यादी मी वाचली," ती म्हणाली. सीमानं इंग्रजी प्रत पाठवली होती म्हणे. "जिना मला आवडला. पण माझ्या घराला काही झालेलं नाही. तुम्ही राहायला येताय की उपचार करायला?"

कुलदीप मध्येच हसला. मी त्याला हसू नका म्हटलं. मग मी इंग्रजीत जे बोललो ते इथे नोंदवतो: ज्या घराला पंखा नाही त्याला घर म्हणणं हेच जास्त आहे. वाक्य बरोबर होतं, काळ अन् क्रियापद दोन्ही.

तिनं चष्मा काढला. तिची नजर माझ्यावरून सरकली. "सीमा," ती म्हणाली, अन् मग हात हलवून फोन बंद केला.

सीमा मागे तशीच उभी होती. म्हणाली, "मास्तरणीले असं बोलतात?"

९ मे, शुक्रवार

कुलदीपचा फोन, सकाळीच.

"भाऊ, बाईनं एक मार्ग काढला. तुमी दोघं या. पहिला महिना भाडं नाई. राहून पाहा. तरी कुलर पाहिजे वाटलं, तं थे स्वतः वेल्डर बोलावून, स्वतःच्या पैशानं खिडकी करून देते. पण आता कागदावर लिवून देत नाई."

"का देत नाही?"

"अहो, म्हनते तुमाले लागनारच नाई."

म्हणजे माझ्या शरीराला काय लागतं तेही आता ती ठरवणार. अन् महिनाभर फुकट ठेवून घेणार, म्हणजे मग माझं तोंड बंद. मी आयुष्यात कोणाच्या ओसरीवर फुकट झोपलो नाही. कागदावर जे नाही ते नाही. हे सगळं कुलदीपला सांगितलं.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "शालिकभाऊ, एक विचारू? तुमी आजवर घराभायेर किती रात्री काढल्या?"

प्रश्नाचा कराराशी संबंध नव्हता. तरी मोजलं. नागपूरला दवाखान्यात, तीन. मुलीच्या लग्नात, दोन. मोझरीला एक, बस बंद पडली म्हणून. सहा. सांगितलं नाही.

१३ मे, मंगळवार

सकाळच्या सव्वासातच्या एसटीनं अमरावती. उन्हाची बाजू मिळाली, उजवी. मूर्तिजापूरच्या पुढे खिडकीचा पत्रा हात लावू देत नव्हता.  बडनेऱ्याला उतरून सोडा घेतला.

कुलदीपचं कार्यालय एका दवाखान्याच्या वर आहे. तिथे आधीच एक जण बसला होता, योगेश नावाचा, तेल्हाऱ्याचा, आयटीआय केलेला, वय तीस-बत्तीस. त्याचाही करार त्याच गावचा. माझ्या डोळ्यांसमोर त्यानं चार पानांवर चार सह्या केल्या. वाचलं नाही. मी विचारलं, कलम दहा काय आहे सांग.

"काय असन काका, भाडं द्या लागते येवढंच असन," तो म्हणाला. "तिथं गेल्यावर पाहू."

असल्या माणसाच्या हातात मशीन कशी देतात?

माझा करार समोर आला. अकरा दुरुस्त्या बाईनं टाइप करून घातल्या होत्या, प्रत्येकीसमोर तिची लहान सही. किल्ल्या तीन. नळाचं लेखी. स्वच्छ काम. नववं कलम होतं तसंच.

मी पेन काढलं अन् त्या कलमाच्या बाजूला, कोऱ्या जागेत, सुवाच्य इंग्रजीत लिहिलं: 'पूर्वेच्या खिडकीचं ग्रिल खालून सव्वीस इंच बाय सव्वीस कापण्यास मालकाची संमती आहे.' खाली माझी सही. मग बाकीच्या पानांवर सह्या करून पुढे सरकवला.

कुलदीपनं वाचलं. "हे चालत नाई भाऊ. तिची संमती तुमी कशी लिहिता?"

"तिला पाठवा. तिनं सही केली तर करार, नाही तर नाही."

त्यानं माझ्यासमोरच फोटो काढून पाठवला. आम्ही बसलो. योगेशनं तिघांना चहा सांगितला. पंधरा मिनिटांनी उत्तर आलं, एक शब्दाचं. कुलदीपनं फोन माझ्याकडे फिरवला. 'नो'.

"दुसरी कोरी प्रत काढतो," तो म्हणाला. "तिच्यावर सही करा अन् मोकळे व्हा. महिना चौदाशे डॉलर हाय. एका खिडकीपायी?"

"खिडकीपायी नाही. शब्दापायी."

"कोनाचा शब्द? तुमचाच ना? बाईनं अकरा गोष्टी मानल्या तुमच्या. तुमी एक माना."

"माझं बरोबर आहे."

"असन बरोबर. तिथं जाऊन बरोबर राहा ना. इथं बरोबर राहून काय करसान?" तो आता उभा राहिला होता. "वैनीले काय सांगसान?"

बायकोचं नाव मध्ये आणणाऱ्या माणसाशी मी बोलत नाही. करार घडी घालून खिशात ठेवला, त्यावर माझं अक्षर होतं. चहाचे दहा रुपये टेबलावर ठेवले. जिना उतरलो. पायऱ्या एकोणीस, दोन सारख्या नव्हत्या.

१४ मे, बुधवार

सीमाला काल रात्रीच सांगितलं होतं. काही बोलली नाही. आज दिवसभरही नाही.

१६ मे, शुक्रवार

कुलदीपनं संदेश पाठवला की माझ्या जागी योगेश. मुख्य मिस्त्री. उत्तर दिलं नाही.

सीमा अजून बोलत नाही. ताट वाढते, भाजीत मीठ बरोबर असतं. तिला बाईचा फोन येतो. ती तो घेऊन गच्चीवर जाते. आज मी जिन्यात थांबून ऐकलं. बोलत नव्हत्या. फक्त एकमेकींना काहीतरी दाखवत होत्या, अन् सीमा मध्ये मध्ये "हां, हां" म्हणत होती. मग आवाज आला नाकातून पाणी ओढल्यासारखा. सर्दी या दिवसांत सगळ्यांनाच आहे.

२१ मे, बुधवार

सीमा मोर्शीला भावाकडे गेली. स्टीलचा डबा घेऊन. म्हणाली, वळवाचं पाणी झालं की बी तिथेच टाकते, इथे गच्चीवर पुरत नाही. किती दिवस ते सांगितलं नाही. मी विचारलं तेव्हा दारात थांबली.

"तुमाले जाचंच नव्हतं," ती म्हणाली.

"जायचं नसतं तर बॅग भरली असती का?"

"उघडून पाहा काय भरलं ते."

ती गेल्यावर उघडली. मोटर, पंप, पाती, पाने, लेव्हल, सगळं जागच्या जागी. कपडे शेवटी भरायचे होते. कपडे सगळेच शेवटी भरतात. हिचं म्हणणं काय ते मला अजून कळलेलं नाही.

अठ्ठावीस वर्षांत हिनं माझ्या कामाला नाव ठेवलं नव्हतं.

२६ मे, सोमवार

स्वतः वरण केलं. पातळ झालं. दुसऱ्यांदा घट्ट झालं. प्रमाण लिहून ठेवलं आहे.

दिवस मोठा आहे. नऊ वाजले की पाय आपोआप एमआयडीसीकडे वळतात, चौकापर्यंत गेलो अन् परत आलो. खुशालराव, शेजारचे, दारात उभे होते. "काय शालिकराम, कदी उड्डान?" मी म्हटलं, कागदपत्रात अडचण आहे. "करतात बाप्पा हे फॉरेनवाले अडचन," ते म्हणाले. मी त्यांना दुरुस्त केलं नाही. पहिल्यांदाच असं झालं की समोरचा चुकीचं बोलला अन् मी गप्प राहिलो.

२ जून, सोमवार

शेडवर गेलो. ठरवून गेलो.

बाहेर नवी पाटी: देवमन इंजिनिअरिंग वर्क्स. पाटीबद्दल कलम घालायचं राहून गेलं होतं. भिंतीला हात लावलेला नाही, हे आधी पाहिलं. घासाईचं सगळं काम त्यानं बाहेर काढलंय, कडुलिंबाखाली हिरवी जाळी बांधून. माणसं तिथे बसून काम करत होती. दोन नवी होती. आत जागा मोकळी, जमीन झाडलेली. रोलर मोजून ओळीत लावलेले. मी पट्टी लावून पाहिली. बरोबर होते.

"बसा भाऊ. चहा सांगतो."

"चहा नको. माझं जाणं रद्द झालं. शेड परत पाहिजे. करार रद्द करू."

देवमननं हात पुसले, कपाटातून फाईल काढली. कागद प्लास्टिकमध्ये घालून ठेवला आहे. मी त्याला कधी असं करायला शिकवलं नव्हतं.

"कलम आठ," तो म्हणाला. "दोन वर्ष कोणाले मोडता येत नाई. तुमीच लिवलं. मी तं अकरा महिने म्हनत होतो."

"दोघं तयार असले तर मोडता येतो."

"मंग मी तयार नाई." वर न पाहता बोलला. "हंगामाच्या तीन ऑर्डरी घेतल्या. बयाना घेतला. दोन मानसं कामावर ठेवले, त्याईले काय सांगू?"

"अठरा वर्षं मी तुला पोसलं."

"पोसलं नाई भाऊ. काम केलं मी, तुमी मजुरी दिली." मग फाईल बंद केली. "भांडाचं नाई मले तुमच्यासंगं. दुपारची झोप येते का तुमाले घरी? तोंड पाहा कसं झालं. वैनी बी घरी नाई म्हने."

मी विचारलं, तुला कोणी सांगितलं.

"वैनीनंच. फोन आला होता. म्हने, त्याईले हाताले काम पाहिजे, नाई तं थे पागल होतीन."

कडुलिंबाखालची माणसं ग्राइंडर बंद करून ऐकत होती. देवमननं त्यांच्याकडे पाहिलं, पण त्यांना काही म्हणाला नाही. मग मला कामावर या म्हणाला, ते सगळ्यांना ऐकू गेलं.

मी एकच विचारलं: कागदावर देशील?

"आत्ता देतो. तुमीच लिवा, मी सही करतो."

कोरा कागद त्यानं माझ्यापुढे ठेवला, वर पेन. मी पेन उचललं. तारीख घातली. 'मालक' लिहायचं तिथे त्याचं नाव येत होतं. पेन परत कागदावर ठेवलं अन् घरी आलो.

त्यानं देऊ केलं ते असं: माझ्याच शेडमध्ये हेडमिस्त्री, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, रविवारी सुट्टी, हंगामात जास्तीच्या तासांचे वेगळे पैसे, माझं मोजमाप शेवटचं मानलं जाईल हे लेखी. मी नाही म्हटलं. पगार महिना अठ्ठावीस हजार रुपये.